बांगडीएवढी ढील

उंब्रजला हायवेच्या कडेला बशीर मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याला पाटी नव्हती आणि कधी लागलीही नाही. मेढ्यापासून कराडपर्यंतचा झाडून सगळा जीपवाला त्याला ओळखून होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारी जी दातेरी जोडी असते, क्राऊन आणि पिनियन, ती बसवावी तर बशीरनंच, असं लोक म्हणायचे. ती जरा चुकली तर गाडी रडते आणि दाते गळतात. बशीरनं बसवली की घाट चढतानाही पोटातलं पाणी हलत नसे.

शहाण्णव सालच्या दिवाळीच्या सुमारास बशीरच्या अंगावरून वारं गेलं. तोंड थोडं वाकडं झालं, उजवा हात मेला. बोलणं हळूहळू परत आलं, हात काही आला नाही. गॅरेजच्या मागच्या खोलीत बाजेवर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. कुपवाडला कारखान्यात असलेला त्याचा धाकटा भाऊ यासीन येऊन म्हणाला, "भाई, बंद करा आता हे. टेम्पो घिऊन येतो, हत्यारं भरू, दोघंबी माझ्याकडं चला." यासीन माणूस वाईट नव्हता, आणि पंचाईत तीच होती. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

"ने," बशीर भिंतीलाच म्हणाला.

त्या एका शब्दानं त्याच्या बायकोच्या, जन्नतबीच्या, काळजात चर्र झालं. हत्यारं गेली की मागोमाग हा माणूसही जाणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

जन्नतबी मण्यारांची लेक. आईबरोबर बाजार फिरून बायकांना बांगड्या भरण्यात तिचं लहानपण गेलेलं. लग्नानंतरही बाजाराच्या दिवशी ती बांगड्यांची टोपली घेऊन बसायची आणि बाकीचे दिवस नवऱ्याला पाने देत गाडीखाली वाकायची. नवऱ्याच्या हातात आधी पाना पडायचा आणि मग त्याच्या तोंडून मागणी यायची, इतकी ती त्या कामात मुरली होती. पण स्वतः दाते जुळवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

यासीनचा टेम्पो यायच्या आधल्या दिवशी मेढ्याच्या नाथाजीची जीप ओढत आणली. क्राऊनचे दाते झडले होते. वरच्या वाड्यांवरची आजारी माणसं, बाळंतिणी, सगळ्यांना खाली आणणारी ती जीप. नवी जोडी नाथाजीनं बरोबरच आणली होती. बशीरला बघून तो चपापला आणि पाय मागं घेऊ लागला.

"सोडा गाडी. हुतंय काम," जन्नतबी म्हणाली.

"कोन करनार भाभी?"

"मी."

आतून बशीरचा आवाज आला, "जन्नत, माझं हसं करू नगंस."

ते तिला लागलं, पण तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवरा आजारी असताना हात मोकळे करायचे नाहीत, म्हणून बांगड्या तिनं काढल्या नाहीत. मागं सारून रुमालानं बांधल्या. जुनी जोडी उतरवली, नवी चढवली. मग बशीरची शेंदराची डबी घेतली. मुसलमान मिस्त्रीकडं शेंदूर बघून नवं गिऱ्हाईक दचकायचं. पण तो तेलात कालवून दात्यांना लावला आणि चाक फिरवलं, की कुठं घासतंय त्याचा ठसा उठतो. ठसा बराचसा मधोमध आला. दाते तिनं गच्च बसवले. नवरीची बांगडी अशी भरावी की हात झटकला तरी हलू नये, ही आईची शिकवण तिच्या बोटांत होती. बोटांनी आपलं काम इमानानं केलं.

नाथाजी गाडी घेऊन हायवेवर चक्कर मारून आला. जीप दिसायच्या आधी ऐकू आली. कुत्रं भेकावं तशी ती भेकत होती. जन्नतबीनं खाली वाकून क्राऊन ज्यात बसतं त्या लोखंडी घरावर तळवा ठेवला आणि चटका बसून मागं घेतला. नाथाजी चांगला माणूस म्हणून नुसता जमिनीकडं बघत राहिला.

"अगं, दाबलंस तू त्येला!"

बशीर ओरडला होता. ती आत धावली, तर हा बाजेवर उठून बसलेला. आजारपणात पहिल्यांदाच, कुणाचा हात न धरता. तिच्या खांद्याचा आधार घेत तो गॅरेजात आला आणि खोक्यावर टेकला.

"दोन दात्यांत ढील पायजे."

"किती?"

"हाताला कळती तेवढी."

"कुनाच्या हाताला? तुमास्नी कळती, मला कवा सांगनार?" ती चिडूनच बोलली.

ती ढील त्याच्या हाताला ठाऊक होती, जिभेला कधी कळलीच नव्हती. त्याचे डोळे भरले. "त्यो हातच गेला, जन्नत."

ती त्याच्याजवळ खाली बसली. आपण का चिडलो, असं तिला झालं. पोळलेला तळवा चांगलाच सुजला होता. त्याच्याकडं बघता बघता तिनं विचारलं, "आवं, लोखंड तापलं की फुगतं न्हवं?"

"व्हय."

"मग मी चुकले. मी नवरीच्या भरल्या. पोटुशीच्या भराय पायजे हुत्या."

बशीर खोक्यावरच पुढं सरकला.

"सातव्या महिन्यात हिरव्या बांगड्या भरत्यात, तवा हात सुजनार हे धरूनच भराय लागतंय. गळायला नकोत आन सुजल्यावर रुतायला बी नकोत. रुतल्या की बाई रडती."

"एवढं ठावं हाय तुला, आन मी बाजेवर पडून मरायला लागलोय," बशीर म्हणाला आणि वाकड्या तोंडानं हसला. ते वाकडं हसू तिला त्याच्या जुन्या हसण्याहून गोड वाटलं.

गाडी निवल्यावर तिनं पुन्हा खोललं. बेरिंगमागची एक पातळ चकती या बाजूची काढून त्या बाजूला घातली, तसं क्राऊन पिनियनपासून केसभर लांब सरकलं. बांगडी मनगटावर फिरवून बघावी तसं क्राऊन पुढंमागं करून पाहिलं. मग नवऱ्याचा डावा हात उचलून त्याच्यावर ठेवला. त्या हाताला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. बशीरनं डोळे मिटून क्राऊन हलवलं. टक्, एवढासा आवाज झाला.

"आनखी सोडू?"

"नगं. हीच. हीच ती," तो म्हणाला, आणि हात तिथून काढेना.

नाथाजी जीप घेऊन मेढ्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जीप घेऊन दारात येऊन उभा राहिला तरी कुणाला कळलं नाही. हॉर्न वाजवला तेव्हा कळलं. "आता कसं वाटलं इचारू नगा, भाभी," तो म्हणाला. "हातच्या काकनाला आरसा कशाला?"

पाठोपाठ यासीनचा टेम्पो आला. त्यानं हत्यारांकडं पाहिलं, भावजयीच्या काळ्या हातांकडं पाहिलं. "भाई, भरायचं का सामान?"

"आदी माझी बाज उचल," बशीर म्हणाला.

यासीन आणि नाथाजीनं बाज उचलली आणि ते टेम्पोकडं चालू लागले.

"तिकडं कुटं रं? गॅरेजात ठेव. आवाज ऐकल्याबिगर हिला कसं सांगू?"