पापडांपुढे वाफ बंद

दुपारचे तीन वाजलेत. मी खाटेवर आडवा आहे, छातीवर खेळण्यातल्या इंजिनाचा रिमोट आहे आणि डोक्यावर पंखा भकभकतोय. एका फेरीला चार. मी मोजतोय. तीन आठवडे झाले, जे फिरेल ते मी मोजतोय. शालन म्हणते, मिक्सरपुढे बसून बोटांवर फेऱ्या मोजणारा नवरा तिनं दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

सांगतो. चाळीस वर्षं मी सोलापुरात रेडिओ दुरुस्त केले. गिऱ्हाइकानं खरखर नुसती तोंडानं करून दाखवली तरी बिघाड ओळखायचो. आणि आता वीतभर लांबीच्या इंजिनानं माझी पार लाज काढलीय. हे इंजिन शालनसाठी केलंय. तिचे वडील, केरबा आण्णा लोंढे, कुर्डुवाडीच्या छोट्या लाइनीवर कोळशाच्या इंजिनाचे ड्रायव्हर. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली. एकदा मेथी निवडता निवडता शालन म्हणाली, "आण्णांचा चेहरा फोटोत तरी आहे हो. त्यांच्या गाडीचा आवाज मात्र कुठंच राहिला नाही." मी मनात म्हटलं, आवाज ना? तो तर आपला धंदा!

तर इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप बसवली. डिकोडर म्हणतात तिला. त्यात नंबर भरायचे. अमक्या नंबरानं शिट्टी, तमक्यानं भकभक, चाकाच्या एका फेरीला चार. पहिल्या दिवशी सहा पडल्या, इंजिनाला नुसती धाप लागली. मग शिट्टी अडकली ती थांबेचना. शेजारीण विचारायला आली, कुकरमध्ये एवढं काय शिजतंय? वैतागून सगळं पुसून कोरं केलं, तर गाडी स्वतःचा नंबरसुद्धा विसरली. आता मात्र सगळं पुस्तकात दिल्याबरहुकूम वाजतं. शालन ऐकते, मान हलवते आणि म्हणते, "चांगलं आहे. पण यात आण्णा नाहीत." आज सकाळी तर सांगूनच टाकलं, "पाचच्या चहाला शेवटचं ऐकते. मग हे रूळ काढा आणि जेवायचं टेबल मोकळं करा. मांडीवर ताट घेऊन जेवायचा कंटाळा आलाय." टेबलाचं काही नाही हो. पण तिनं तशी मान हलवली की मला बघवत नाही.

पंखा फेरीला तीन मारतो. मग दोन. अरे, हे सेटिंग कुणी बदललं?

"म्या," आण्णा म्हणतात.

ते टेबलावर बसलेत, रुळांच्या गोलात मांडी घालून. अंगात खाकी शर्ट, डोक्याला तेलकट रुमाल. ते वारलेत हे मला आठवतं, पण तसं तोंडावर कसं विचारणार? सासरे पडले.

"चहा घेणार आण्णा?"

"च्या ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. ह्ये काय मांडलंय?"

"तुमचं इंजिन."

ते इंजिन उचलतात, उलटं करून पोटात बघतात. "कोळसा कुठनं घालायचा?"

"कोळसा नाही. नंबर घालायचे."

"आन पानी?"

"त्यालाही नंबर."

"मग फायरमन काय करतो?"

"फायरमन मीच."

आण्णा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. लग्न ठरवायला आले होते तेव्हा न्याहाळलं होतं, अगदी तसंच. मग म्हणतात, "बरं. चढा."

टेबलाला पायऱ्या आहेत. आमच्या टेबलाला पायऱ्या कधी होत्या? चढून आत जातो तर आमचंच स्वयंपाकघर, फक्त ओट्यावर गॅसच्या जागी भट्टी धगधगतेय आणि फ्रीजचा दांडा आण्णांच्या हातात आहे. तो ओढला की वाफ सुटते. खिडकीबाहेर कुर्डुवाडीचं यार्ड मागं सरकतंय. मी पोळ्यांच्या उलथन्यानं कोळसा सारतोय आणि त्यात मला काहीच वावगं वाटत नाही.

"आवाज किती ठेवू?" मी ओरडून विचारतो. "आता एकशे अठ्ठावीसवर आहे."

"कशाचा?"

"भकभकीचा. शिट्टी दोनशे."

"आन त्ये ऐकून शाली काय म्हनती?"

"यात आण्णा नाहीत म्हणते."

"मग बराबरच बोलती की पोरगी."

आता मात्र माझं टाळकं सरकतं. "अहो, मग सांगून का नाही गेलात? एखादा कागद तरी लिहून ठेवायचा होता! तीन आठवडे मान मोडून बसलोय मी!" वारलेल्या माणसावर मी आवाज चढवतोय, तोही त्यांच्याच इंजिनात उभा राहून. आण्णा खो खो हसतात, मग खोकतात, मग पुन्हा हसतात.

"गप ऱ्हावा जरा. कॉर्टरं आली."

ऊन पांढरंफेक पडलंय. रुळाला लागून रेल्वेची क्वार्टर्स, प्रत्येक दारापुढं खाट, खाटेवर धुतलेलं लुगडं आणि लुगड्यावर पापड. शेकडो पापड. शेजारी कुरडया, सांडगे. आण्णांचा चेहरा एकदम गंभीर होतो.

"हितं वाफ सुरू ठिवली की समदी काजळी पापडावर. एकदा झालतं तसं. शालीच्या आईनं तीन दिस जेवाय वाढलं न्हाय मला. अख्ख्या लायनीतल्या बायका बोलायच्या बंद. त्यापरीस सायबाचा मेमो परवडला."

असं म्हणत ते फ्रीजचा दांडा ढकलून देतात.

भकभक थांबते. पार थांबते. शिट्टी नाही, काही नाही. गाडी आपल्याच वेगात घरंगळत राहते आणि खाली चाकांच्या दांड्या हळू वाजतात, खळक्, खळक्, बांगड्या भरलेल्या हातांनी कुणी कणीक मळावी तशा.

एका खाटेपाशी सात-आठ वर्षांची पोर काठी घेऊन कावळे हाकत बसलीय. दोन वेण्या, नाकाच्या शेंड्याला पीठ. आमचा आवाज बंद होतो तशी ती मान वर करते आणि थेट आमच्याकडं बघते.

"बाकीची डायवरं भकाभका जायची," आण्णा हळू म्हणतात. "तिकडं ती बघायची बी न्हाय. आवाज बंद झाला की वळखायची, बाप आला म्हनून."

मी उलथनं खाली ठेवतो. "आण्णा, तिला अजून फार आठवण येते हो तुमची."

"ठावं हाय," ते म्हणतात. पोरीवरची नजर काही काढत नाहीत. "उठा आता. पाच वाजत्यात."

मी उठतो. डावा डोळा पाण्यानं डबडबलाय, उघडतच नाही. उजव्यानंच बघत रिमोट चाचपतो. भकभक शून्य करणारं एक बटण बसवतो, शिट्टी काढूनच टाकतो, दांड्यांचा आवाज थोडा वाढवतो. तेवढ्यात शालन दोन कप घेऊन येते.

"वाजवा एकदाचं."

गाडी टेबलाच्या पलीकडून भकभकत निघते. शालन कप ठेवायला जागा शोधतेय, तिचं लक्षही नाही. गाडी वळण घेऊन तिच्या बाजूला येते आणि मी बटण दाबतो.

खळक्, खळक्.

शालन मान वर करते.

"आण्णा," ती म्हणते. मला नाही, इंजिनालाही नाही. गाडी तिच्यासमोरून घरंगळत जाऊन थांबते, तरी ती कप हातात घेऊन तशीच उभी असते. मग कप खाली ठेवून पदरानं डोळे पुसते आणि माझ्याकडं बघते.

"तुम्हाला काय झालं रडायला?"

"रडत नाहीये. डोळ्यात काहीतरी गेलंय."

ती मला खिडकीपाशी नेते, पापणी ओढते, पदराचं टोक ओलं करून डोळ्यात फिरवते. टोकावर एक काळा कण येतो, खसखशीएवढा. ती तो चिमटीत चुरडते. अंगठा काळा होतो.

"हा कोळसा आहे," ती म्हणते. "इंजिनाचा. लहानपणी आई रोज काढायची आमच्या डोळ्यांतून. तुमच्या डोळ्यात कुठून आला?"

मी सगळं सांगतो. दांडा, पापड, काठी, पोर. ती मधे एकदाच बोलते.

"वेण्या किती होत्या?"

"दोन."

शालन तापातसुद्धा कधी दुपारची आडवी झालेली मी पाहिली नाही. आता ती चहा तसाच ठेवते, माझ्या खाटेवर चढते, चष्मा काढून उशाशी ठेवते आणि भिंतीकडं तोंड करून डोळे मिटते.

"कुणी आलं तर सांगा," ती म्हणते, "माहेरी गेलीय."