डेव्हिएशनवर पास

गांगुर्डे साहेब विनोद सांगताना स्वतः हसत नसत, आणि समोरचा हसला तर त्याच्याकडे संशयाने बघत. हे हसणं खरं की भिडेखातर, याची खात्री पटल्याशिवाय ते पुढचं वाक्य बोलत नसत. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं क्वालिटीमध्ये काढली होती. मशीनवरून आलेला पार्ट मोजायचा, मापात असला तर पास, नसला तर रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर मोजायला पार्ट उरले नाहीत, तेव्हा इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत ते भाजी, पाण्याच्या टाकीचं झाकण आणि सोसायटीच्या सभेतली भाषणं रिजेक्ट करू लागले. सगळी इमारत त्यांना पाठीमागे रिजेक्ट साहेब म्हणे. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "नाव मापात आहे. बदलायची गरज नाही."

अशा या गृहस्थांनी बासष्टाव्या वर्षी विनोदी कॉमेंट्री करायला घेतली. पद्धत साधी होती. घरात एखादा जुना, रडका, कौटुंबिक चित्रपट लावायचा, त्याचा आवाज पूर्ण बंद करायचा आणि फोनवर साहेबांचा आवाज चालू करायचा. सुरुवातीला ते "एक, दोन, तीन, दाबा" म्हणत. तीनला चित्रपट सुरू केला की पडद्यावर जे जे घडेल त्यावर साहेबांची टिप्पणी चालू. विनोदी चित्रपट ते घेत नसत. म्हणायचे, "तो पास होऊन आलेला माल आहे. त्यात मी काय करू?"

ध्वनिमुद्रण बेडरूममधल्या लाकडी कपाटात होई. पुष्पाताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, साड्यांमध्ये डोकं खुपसून साहेब बोलत. साडीसारखा आवाज शोषणारा माल बाजारात नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी कॉटन, सिल्क आणि नायलॉन अशा तिन्हींवर प्रयोग करून बनवलं होतं. जवळपास प्रत्येक कॉमेंट्रीत एका ठिकाणी पुष्पाताईंचा आवाज येतो, "अहो, निघा बाहेर, मला हळदीकुंकवाला जायचंय." ती वाक्यं साहेबांनी कधी कापली नाहीत. ती मूळ ड्रॉइंगमध्ये नसली तरी पार्टला अपाय करत नाहीत, असा शेरा त्यांनी दिला होता.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते आणि शाळेत गणित शिकवते. वर्गात मी हसत नाही, ही माझी ख्याती जुनीच. पण हे गेल्यापासून मी कुठेच हसत नव्हते. त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. इमारतीतली माणसं चांगली आहेत, त्यामुळे माझी फार पंचाईत व्हायची. जिन्यात खिदळणारी मुलं मला बघून गप्प होत. बायका आवाज खाली आणून "कशा आहात?" विचारत. मी "बरी आहे" म्हणे, आणि त्या अशा मान हलवत की जणू मी खोटं बोलले आहे. खोटं मी बोलत होतेच, पण ते कुणी दाखवून दिलं की दिवस वाईट जाई.

एका गुरुवारी साहेब दारात उभे राहिले. हातात पॅड, खिशाला दोन पेनं.

"बाई, तुम्ही हसत नाही असं ऐकलंय."

"बरोबर ऐकलंय."

"मला तसाच गेज हवाय."

गेज म्हणजे काय ते त्यांनी दारातच समजावलं. पार्ट मापात आहे की नाही एवढंच सांगणारं ते हत्यार असतं. ते पार्टची समजूत काढत नाही आणि ऑपरेटरची भीडही ठेवत नाही. "हसऱ्या माणसावर चाचणी घेतली की खराब मालसुद्धा पास होतो. आमच्या हिला मी नुसता खोकलो तरी हसू येतं. तिचा उपयोग नाही." राग यायला हवा होता. पण मला मोकळं वाटलं, हे कबूल करते. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कुणी माझी चौकशी करायला आलं नव्हतं, कामासाठी आलं होतं.

मग दर गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊ लागले. पुष्पाताई चहा देत आणि पहिल्याच मिनिटापासून हसत. साहेब टीव्हीकडे पाठ करून माझ्यासमोर बसत आणि तक्ता भरत. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात अपेक्षित, तिसऱ्यात प्रत्यक्ष. अपेक्षितमध्ये "हसू" लिहिलेलं असे, प्रत्यक्षमध्ये बहुतेक वेळा "ओठ स्थिर". क्वचित "ओठ हलले" असं लिहिलं की ते मला विचारत, "चहा घेतलात का आत्ता?" घेतला असेल तर नोंद खोडत.

त्यांचा सर्वांत लाडका प्रसंग पोह्यांचा. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम, मुलगा मुलीकडे बघतोय, मुलगी जमिनीकडे, पोहे कुणीच खात नाही. त्यावर साहेब अतिशय गंभीर आवाजात म्हणत, "हात लावून बघा. गार झालेत. आता काही उपयोग नाही. झाकून ठेवा, उगाच माश्या बसतात." या चार वाक्यांवर त्यांनी पावसाळा आणि अर्धा हिवाळा घालवला. माझ्यावर तीनदा चाचणी झाली. तिन्ही वेळा ओठ स्थिर.

"रिजेक्ट?" त्यांनी विचारलं.

"रिजेक्ट," मी म्हणाले.

त्यांनी खाली मान घालून लिहून घेतलं. एवढं वाईट वाटलेला माणूस इतक्या सुवाच्य अक्षरात लिहू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

कॉमेंट्री करण्यापेक्षा ती लोकांपर्यंत पोचवणं अवघड, हे त्यांना लवकरच कळलं. मागे कंपनी नाही, ओळख नाही. सेल्सवाल्यांना आयुष्यभर नावं ठेवल्याची ही शिक्षा आहे, असं पुष्पाताई म्हणत. साहेबांनी क्यूआर कोडचे स्टिकर छापून घेतले. त्यावर लिहिलं होतं, "रडका चित्रपट लावा. आवाज बंद करा. मग मला ऐका. आवडलं नाही तर कळवा." आवडलं तर काय करायचं, हे लिहायचं राहिलं होतं. शिफ्ट सुटताना अंबडच्या गेटवर ते स्टिकर वाटत. घरी पळणारा कामगार तो कागद रिक्षा येईपर्यंत हातात ठेवी, हेच पुष्कळ झालं म्हणायचं. निफाडला त्यांच्या थोरल्या भावाची द्राक्षबाग होती. एका हंगामात साहेबांनी तिथे जाऊन द्राक्षांच्या पेट्यांवर स्टिकर लावले. भाऊ म्हणाले, "आरं, ह्या पेट्या बंगालला चालल्यात. तिथं तुझी मराठी कुणाला कळणार हाय?" साहेब म्हणाले, "रडणं सगळ्यांना कळतं." महिन्याभराने अनोळखी नंबरवरून पहिला प्रतिसाद आला. हिंदीत विचारलं होतं, अजून द्राक्षं आहेत का. साहेबांनी त्याचा प्रिंट काढून फाइलला लावला.

शेवटी यश आलं ते मिसळीच्या रूपाने. गावाबाहेर शेताच्या कडेला बाळासाहेब नावाच्या गृहस्थांचं मिसळीचं हॉटेल आहे. रविवारी सकाळी तिथे इतकी गर्दी होते की नाव लिहून झाडाखाली तासभर बसावं लागतं. त्या बसलेल्यांसाठी बाळासाहेबांनी शेडमध्ये मोठा पडदा लावला होता. साहेब पाच रविवार ओळीने तिथे गेले, पाच मिसळी खाल्ल्या, पित्त झालं, आणि सहाव्या रविवारी बाळासाहेब म्हणाले, "बरं साहेब, लावा तुमचं. पब्लिक उठून गेली तर मात्र बंद."

त्या दिवशी पुष्पाताई आणि मी पुढच्या टेबलावर होतो. साहेबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. फोन स्पीकरला जोडून स्वतः नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून, तक्ता घेऊन, लोकांकडे तोंड करून उभे राहिले. चित्रपट बाळासाहेबांच्या पोराने इंटरनेटवरून लावला होता, स्वच्छ आणि पूर्ण. साहेबांनी कॉमेंट्री केली होती ती त्यांच्याकडच्या डिस्कवरून. ती डिस्क त्यांनी फार वर्षांपूर्वी केबलवरून स्वतः भरली होती, रिमोट हातात धरून, जाहिराती गाळत. दर जाहिरातीनंतर बटण दाबायला थोडा उशीर झालेला, आणि एक पूर्ण गाणं लोडशेडिंगमध्ये गेलेलं. त्या चित्रपटात डोहाळजेवणाचं गाणं आहे, हे साहेबांना त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं.

पहिली वीस मिनिटं ठीक गेली. मग पडद्यावर ते गाणं लागलं आणि साहेबांचा आवाज आपल्या वाटेने पुढे निघून गेला. लोकांना गंमत वाटू लागली. नायिका देवाला नमस्कार करते आहे आणि आवाज म्हणतोय, "हा म्हातारा मागच्या दाराने का आला?" हशाची पहिली लाट उठली. साहेबांनी तक्ता पाहिला, तिथे हशा अपेक्षित नव्हता, पण त्यांनी नोंद केली. चेहरा तसाच, कान मात्र लाल झालेले. एवढी माणसं आपल्या शब्दांवर हसताना त्यांनी कधी पाहिली नव्हती.

मग पडद्यावर घरातले आजोबा अंथरुणाला खिळले. सगळं कुटुंब भोवती. डॉक्टरांनी आजोबांचं मनगट हातात घेतलं आणि स्पीकरमधून साहेबांचा गंभीर आवाज आला, "हात लावून बघा." डॉक्टरांनी मान हलवली. "गार झालेत. आता काही उपयोग नाही." सून पदर तोंडाला लावून रडायला लागली. डॉक्टरांनी चादर वर ओढली. "झाकून ठेवा, उगाच माश्या बसतात."

मी अशा खाटेजवळ बसलेली बाई. चादर कशी ओढतात ते मला माहीत आहे. आणि मी हसले. तोंडातला घास तसाच, तर्री नाकात गेली, डोळ्यांतून पाणी, पुष्पाताई पाठीवर थापा मारताहेत, आणि मला थांबता येईना. तीन वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडल्यासारखं मी हसत होते. सगळी शेड हसत होती, पण साहेब माझ्याकडेच बघत होते. पेन उचललेलं, हात थांबलेला. या प्रसंगाला गेज तीनदा हलला नव्हता. असं कसं झालं, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि पडद्यावर पोहे नव्हते.

ते शांतपणे गेले आणि स्पीकरची वायर काढली. लोक ओरडले, "ओ काका, चालू द्या!" बाळासाहेब धावत आले, "साहेब, पब्लिक लय खूश हाय, थांबवू नका!" साहेब म्हणाले, "मास्टरच चुकलाय, ज्यावरून मापायचं तो मूळ नमुनाच. लॉट रिजेक्ट." आणि मिसळ खाणाऱ्या प्रत्येक टेबलापाशी जाऊन त्यांनी माफी मागितली. लोकांना तोही विनोदाचाच भाग वाटला.

दुसऱ्या दिवसापासून ते लावलेले स्टिकर खरवडून काढू लागले. विजेच्या खांबांवरून, बसथांब्यावरून, बाळासाहेबांच्या हात धुण्याच्या जागेवरून. सगळ्या कॉमेंट्र्या त्यांनी इंटरनेटवरून काढून टाकल्या. बाळासाहेबांनी तीच चुकलेली परत लावायची गळ घातली, पुढचा रविवार अजिबात रिकामा जाणार नाही म्हणाले, पण साहेब बधले नाहीत. मला अपराधी वाटत होतं. इतके महिने ज्याच्या मेहनतीवर मी ओठ हलवला नाही, त्याच्या चुकीवर मी चारचौघांत लोटपोट झाले होते. शेवटी मीच खाली गेले.

"तुमच्यावर राग नाही," साहेब म्हणाले. "मास्टर कुठला लावलाय, हे गेजला काय कळणार?"

"साहेब, मी हसले."

"चुकीच्या कारणाने."

"मला कारण चालतं," मी म्हणाले.

 पुष्पाताई स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत राहिल्या.

नंतर साहेबांनी पूर्ण चित्रपट मिळवले आणि सगळ्या कॉमेंट्र्या नव्याने केल्या, सेकंदाला सेकंद जुळवून. बाळासाहेबांनी एकदा लावली, लोकांनी निमूटपणे मिसळ खाल्ली. इकडूनतिकडून थोडे श्रोते मिळाले. त्यातला एक सटाण्याचा निवृत्त पोस्टमन दर आठवड्याला चुका कळवी. साहेबांचं त्याच्याशी चांगलं जमलं.

मग पुष्पाताईंचे गुडघे फारच कुरकुरायला लागले आणि मुलीने दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं. तिच्याकडे लिफ्ट होती. सामान बांधलं जात असताना साहेब वर आले, खिशाला तीच दोन पेनं. त्यांनी माझ्या हातात एक पेनड्राइव्ह आणि एक टाइप केलेला कागद दिला. ते म्हणाले, कारखान्यात कधी कधी असं होतं की पार्ट मापात बसत नाही, पण एखाद्या ग्राहकाचं त्यावर काम भागतं. मग तेवढ्याच ग्राहकासाठी, लेखी कारण देऊन, तो पार्ट सोडतात. त्याला डेव्हिएशनवर पास म्हणतात. तीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या सहीने असा एकही सोडला नव्हता.

कागदावर लिहिलं होतं. पार्ट: पोह्यांचा प्रसंग, जुना. दोष: पडद्याशी जुळत नाही. ग्राहक: सोनवणे बाई, दुसरा मजला. निर्णय: डेव्हिएशनवर पास, फक्त या ग्राहकासाठी. खाली गांगुर्डे साहेबांची सही. आणि कारणाच्या रकान्यात, टाइप न करता, त्या सुवाच्य अक्षरात, "ग्राहकाला कारण चालतं."

"ग्राहकाची सही लागते," ते खाली बघत म्हणाले. "त्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही."

मी सही केली. एक प्रत त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

ह्यांच्या तिथीला मी सगळं साग्रसंगीत करते, पान वाढते, नैवेद्य दाखवते. मग दुपारी तोच पूर्ण चित्रपट काढते, टीव्हीचा आवाज बंद करते, पेनड्राइव्हमधले साहेब एक, दोन, तीन म्हणाले की दाबते. डॉक्टर मनगट हातात घेतात. मी एकटीच असते, घरात कुणी आवाज खाली आणणारं नसतं, आणि मी खूप हसते. मग वेळ लिहून साहेबांना पुण्याला पाठवते. त्यांचं उत्तर येतं, "नोंद घेतली. चहा घेतला होता का?"

मी लिहिते, "नाही."