वेपचं बटण

कडेगावात पाण्याच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करणारा तो माणूस मला एकदाच भेटला. माझ्या वेपचं, म्हणजे वाफेच्या सिगारेटचं, बटण खिशातच अडकलं होतं आणि विजार इतकी तापली होती, की तिच्यावर भाकरी भाजून निघाली असती. त्यानं बॅटरी काढली, बटण खोललं आणि पॉलिशपेपरनं घासताना माझ्याकडं बघून च्च च्च केलं.

“आवं, मोटारीचं बटण अडकलं तर ऊस तरी भिजतो. ह्यानं काय पिकतंय?”

मग त्यानं स्टार्टरची जाडजूड स्प्रिंग आत कोंबली. मी दाबून बघितलं, तर दोन्ही अंगठ्यांनी रेडा रेटल्यासारखा जोर लागला.

“लय घट्ट झालं की ओ!” मी ओरडलो.

“मुद्दामच केलंय. दाबंस्तवर इचार बदलतोय का बघा.”

सहा महिने झाले, विचार तसाच आहे. अंगठे मात्र तालमीतल्या पैलवानाचे झालेत.