शिकंज्यासह एक प्रबंध

माझे मामा बाइंडर. विद्यापीठामागच्या गल्लीत त्यांचं दुकान. चाळीस वर्षांत तत्त्वज्ञानाचे झाडून सगळे प्रबंध त्यांच्या हातून गेले. पानं नीट लागलीत ना, हे पाहायला ते प्रत्येक पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ वाचतात. मधलं काहीच नाही. मतं मात्र ठाम!

"आधी म्हणायचे जग मनात आहे, मग म्हणाले भाषेत आहे. आता नवी टूम काय?"

"वस्तूंनाही स्वतःचं म्हणणं असतं, मामा. त्या आपल्या सोयीसाठी नसतात."

"हे कळायला तीन वर्षं लागली?"

असा राग आला मला! मार्गदर्शक बाईही सारखं विचारायच्या, या नव्या विचाराचा आज उपयोग काय? त्यावर मी अकरा पानं खरडली होती. खरं सांगते, एकही मला पटलेलं नव्हतं.

प्रबंध त्या दिवशी पाचच्या आत विद्यापीठात जमा केला नाही तर नोंदणी रद्द. आणि मी शहाणी, पानं घेऊन मामांकडे पोचले दुपारी दोनला. मामांनी पानांच्या पाठीला सरस लावला, पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात प्रबंध आवळला आणि बजावलं, "सहाच्या आधी हात लावायचा नाही." ते चहाला गेले. चार वाजता माझा धीर सुटला. मी स्क्रू सैल केला, आणि अख्खं दुसरं प्रकरण माझ्या हातात आलं. त्याचं नाव 'वस्तूंचा हट्ट'.

मामा परतले. ओरडले नाहीत. पुन्हा सरस, पुन्हा शिकंजा. मी मुळूमुळू रडत होते. साडेचारला त्यांनी तो लोखंडी शिकंजाच प्रबंधासकट उचलला. "पाचला तिथं पोचायला हवा ना? सुटा पोचायला हवा, असं कुठं लिहिलंय?"

"हे काय?" म्हणत कार्यालयातल्या कारकुनाने स्क्रूला हात घातला.

"हात लावू नका!" मी किंचाळले. "त्याला वाळू द्या!"

तीन वर्षांत कुठल्या विचारासाठी माझा आवाज इतका चढला नव्हता. कारकुनाने घाबरून पावती लिहिली, 'प्रबंध एक, शिकंज्यासह.'

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच प्रश्न टाकला, "याचा उपयोग काय?" अकरा पानं बाजूला ठेवून मी सरसाची हकीकत सांगितली. ते पोट धरून हसले. मग त्यांनी प्रबंध पाठीला धरून उलटा केला आणि चांगला गदागदा हलवला.

एकही पान सुटलं नाही.