एका दिवशी दोन हीट

"मॅडम, हीट कुठाय?" मालकांनी फर्नेससमोरूनच हाक मारली.

"थांबलीय," मी म्हटलं.

"का?"

"तानाजीच्या घरी हीट आहे म्हणून."

आमच्या मालकांना यातलं एक अक्षरही समजावून सांगावं लागलं नाही. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणाऱ्या कुणालाच लागत नाही.

मी फाउंड्रीची लॅब सांभाळते. भट्टीत लोखंड भरल्यापासून ते वितळून ओतेपर्यंतच्या एका खेपेला आम्ही हीट म्हणतो. प्रत्येक हीटला नंबर असतो. पुढं कास्टिंग फुटलं, तर त्या नंबरावरून आमची मानगूट धरता येते. शाळेत हीट म्हणजे उष्णता होती. माझी मुलगी धावते, तिची हीट म्हणजे प्राथमिक फेरी. आणि आमच्या निम्म्या कामगारांच्या गोठ्यात म्हैस माजावर आली, की तीही हीटवर येते.

त्या दिवशी पुण्याहून दीक्षितसाहेब आले होते. कस्टमरचे इन्स्पेक्टर. त्यांच्या डोळ्यांसमोर हीट काढायची, त्यांनी पास केली तर ऑर्डर आमची. या ऑर्डरसाठी मालक वर्षभर पुण्याला खेटे घालत होते. पहिली हीट भट्टीवरच्या तानाजीनंच काढायची, हा हट्टही त्यांचाच. आणि सकाळी सकाळी तानाजी माझ्यापुढं हेल्मेट काढून उभा.

"मॅडम, म्हस हीटवर आलीया. अकराला डॉक्टर येतोय. माझ्याबिगार कुणाला अंगाला हात लावून देत न्हाई ती. मागं दोन डाव वाया गेलं. आता न्हाई गाभ राहिली, तर आबा बाजार दावणार हायत तिला."

आमच्याकडं अशा वेळी माणूस अडवत नाहीत. कुठं लिहिलेलं नाही, पण बापाच्या आजारपणाइतकीच ही रजा पक्की. मी त्याला सोडलं.

मालक वैतागले. "म्हशीसाठी हीट थांबली म्हणून सांगू व्हय कस्टमरला? शोभतंय का?"

"खरं ते सांगा की."

"तुम्ही गप बसा, मॅडम."

त्यांनी दीक्षितसाहेबांना सांगितलं, तानाजीची बायको सीरियस आहे. मला भयंकर राग आला. धडधाकट बाईला आजारी पाडायची काय गरज होती?

दीक्षितसाहेब हळवे निघाले. "हीट दुपारी काढू. आधी पेशंटला भेटू या. कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहे?"

मालकांचा चेहरा उतरला. "घरीच हाय," ते कसंबसं म्हणाले, आणि फोन आल्याचं निमित्त करून त्यांनी मला पुढं केलं.

वाटेत साहेबांनी मोसंबी घेतली. पिशवी मांडीवर ठेवून ते गंभीर बसले. गाडी गावात वळली, तेव्हा माझ्याच्यानं राहवेना.

"साहेब, पेशंट नाहीच. म्हैस आहे. तिला भरवायला, म्हणजे गाभण करायला, डॉक्टर येणार आहे. बायको ठणठणीत आहे."

त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मला ऑर्डर गेल्यातच जमा वाटली.

"मग तुमचे टेस्ट रिपोर्टही असेच असतात का?"

"रिपोर्टवर माझी सही असते, साहेब. कारणं मालक देतात."

ते हसले नाहीत. पण गाडीही परत फिरवायला सांगितली नाही.

गोठ्याच्या दारात तानाजीची बायको वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन उभी. "या पावणं!" असा खणखणीत आवाज, की साहेब दचकलेच. त्यांनी पिशवी पुढं केली.

"मोसंबी? कुणाला वो?"

"पेशंटला," साहेब म्हणाले.

ती आधी माझ्याकडं बघत राहिली आणि मग एवढी हसली, की भारा खाली ठेवावा लागला. म्हशीनं दोन मोसंबी सालासकट खाल्ली. तेवढ्यात डॉक्टर आले. तानाजीनं म्हशीचं तोंड धरलं. "शेपूट बाजूला धरा कुणीतरी," डॉक्टर म्हणाले. सगळ्यांत जवळ दीक्षितसाहेब होते. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि धरलं.

दुपारी तानाजीनं हीट काढली. पहिल्या सॅम्पलला कार्बन थोडा कमी आला. साहेब माझ्या मागंच उभे होते. मी आकडा मोठ्यानं वाचला, भट्टीत कार्बन घालायला लावला, पुन्हा सॅम्पल घेतलं. आता बरोबर आलं. मगच लोखंड ओतलं. साहेबांनी सही केली आणि मालकांकडं वळून विचारलं, "तानाजीच्या बायकोची तब्येत कशी आहे म्हणता?"

मालकांनी मान खाली घातली, ती गाडी गेटबाहेर जाईपर्यंत वर केली नाही.

ऑर्डर अजून चालू आहे. वर्ष होत आलं, तेव्हा साहेबांचा फोन आला. मला वाटलं, एखादं कास्टिंग फुटलं.

"मॅडम, त्या हीटचा रिझल्ट?"

"कुठला नंबर, साहेब?"

"नंबर कसला? मी शेपूट धरलं होतं ती!"

"पास, साहेब. म्हशीला रेडी झालीय. आणि आबांनी बाजाराचं नाव टाकलंय."

तेव्हापासून आमच्याकडं हीट थांबली, की कस्टमरला खरं कारण कळवतात. मालकांनीच तसा नियम केलाय. मोसंबी महाग पडतात, असं ते म्हणतात.