एक ते दोन माणसांचं भांडं

माझ्या साडूंइतका एकट्यानं जेवायला घाबरणारा माणूस अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात दुसरा नसेल. पलीकडच्या मुलखात कुणी असल्याचं कळलं, तर मी सरहद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून त्याला बघायला जाईन. आपल्याकडं जेवताना कुणी समोर आलं की 'या जेवायला' म्हणायचं आणि समोरच्यानं 'चालू द्या, चालू द्या' म्हणत पुढं सरकायचं, ही दोन्ही बाजूंची जुनी समजूत आहे. कुणी येणार नसतं आणि कुणी वाढणार नसतं. साडूंना या व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग कुणी शिकवलेलाच नाही. 'चालू द्या' म्हणणाऱ्याचं ते सरळ मनगट धरतात आणि पानावर आणून बसवतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नोकरीला होते तेव्हा त्यांचा डबा इतका उंच असायचा की सायकलच्या हँडलला लावला तर चाकाला घासायचा. एकदा संकेश्वरच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीत बसून ते दशमी खात होते. शेजारी उभ्या असलेल्या गाडीतल्या माणसाला ते सवयीनं 'या जेवायला' म्हणाले, आणि तो बापडा खरंच उतरून आला. त्याची गाडी सुटली. मग साडूंनी आपलीही गाडी सोडली, कारण पाहुण्याला अर्ध्या जेवणावर टाकून जायचं कसं? घरी माझी मेव्हणी मोठी पातेली माळ्यावर लपवून ठेवते आणि हे स्टूल घेऊन ती शोधतात. सगळं वडगाव त्यांना अण्णा म्हणतं, आणि निम्मं वडगाव कधी ना कधी त्यांच्याकडं जेवलेलं आहे.

असा माणूस निवृत्तीनंतर सायकलनं लांबच्या सफरीला निघणार म्हणाला, तेव्हा खरी अडचण चढाची नव्हती, गुडघ्यांची नव्हती आणि हायवेवरच्या ट्रकांचीही नव्हती. अडचण भांड्याची होती.

सफर कुठं, तर बोरगावला. निपाणीच्या बाजूला बोरगावात त्यांची थोरली बहीण राहते. आई लवकर गेली, त्यामुळं साडूंना वाढवलं ते या आक्कानंच. तिचं लग्न झाल्यावर हे खानापूरकडच्या आपल्या गावातून दर भाऊबीजेला सायकल मारत तिच्याकडं जायचे आणि चांगले मुक्काम ठोकून यायचे. पुढं मोटरसायकल आली, मग गाडी आली, आणि बोरगाव जवळ आलं तसं जाणं कमी झालं. परवा कुठल्याशा लग्नात आक्कानं त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं, "गाडीनं येतोस आणि चा घेऊन पळतोस. सायकलनं ये एकदा. दमशील तर राहशील तरी!" ते त्यांच्या काळजाला लागलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी गिअरची सायकल घेतली आणि बरोबर कोण, तर मी. सायकल माझ्याकडं आधीपासून होती, एवढाच माझा गुन्हा.

आता आक्काला त्यांचं म्हणणं असं की, "तुझ्या दारात यीन आणि माझ्या हातचं करून वाढीन." त्यासाठी स्वतःचा स्टोव्ह आणि स्वतःची भांडी पाहिजेत. सायकल घेऊन लांब जाणाऱ्यांसाठी एकात एक बसणारी, दुमडणाऱ्या दांड्यांची हलकी भांडी मिळतात, हे मीच त्यांना सांगितलं आणि टिळकवाडीतल्या एका दुकानात घेऊन गेलो. दुकानदार सज्जन होता. त्यानं पाऊण लिटरचं एक भांडं पुढं ठेवलं, त्याच्या पोटात छोटा गॅस बसवून दाखवला आणि वर झाकण लावलं.

"हे एक ते दोन माणसांचं, अण्णा."

"एक ते दोन म्हंजे किती?"

"म्हणजे एकाला पोटभर, दोघांना बेताचं."

"आणि तिसरा आला तर?"

"तिसरा कोण येणार हाय?"

"ते मला काय ठावं? वाटंवर भेटणार न्हवं त्यो!"

दुकानदारानं निमूट दीड लिटरचं काढलं. साडूंनी त्यात हात घालून बघितला, मनगटापाशी अडकला तशी मान हलवली. मग तीन लिटरचं निघालं. त्याला झाकण होतं, ते तव्यासारखंही वापरता येत होतं, आत दोन वाट्या होत्या. साडूंनी वाट्या बाहेर काढल्या, माझ्याकडं बघितलं, दुकानदाराकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्यात आत्ता आपण तिघं हाय, तर वाट्या दोनच. म्हंजे तुम्ही उपाशी!" दुकानदाराला स्वतःच्याच दुकानात उपाशी राहिल्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं. आम्ही भांड्याशिवाय, नुसता तो छोटा गॅस घेऊन परतलो. मी वाटेत त्यांना परोपरीनं समजावलं, की सायकलवर वजन म्हणजे वैरी, माणूस टूथब्रशची दांडीसुद्धा कापून नेतो. ते म्हणाले, "अशा माणसाकडं जेवायला कोण जाणार?"

पहिल्या सफरीला त्यांनी माळ्यावरचं ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं. बारशाला शिरा करावा असलं पातेलं. ते त्यांनी कॅरिअरला उपडं बांधलं, त्यात एक कढई, आणि प्रत्येक खड्ड्याला दोन्ही मिळून असा आवाज करत होती की पुढचे कुत्रे आधीच उठून उभे राहत होते. काकतीत चहाला थांबलो तर एक बाई हातात जुनी साडी घेऊन घाईघाईनं आली आणि पातेल्यावर टिचकी मारून म्हणाली, "ह्या साडीवर केवढं देतासा? किनार बगा, अजून उसवल्याली न्हाय." आम्ही बोहारी नाही, सायकलवरून हिंडायला निघालोय, हे तिला पटेना. एवढ्या वयाची माणसं बिनकामाची कशाला हिंडतील? शेवटी साडू म्हणाले, "बाई, साडी ऱ्हाऊ द्या. उप्पीट करतोय, या खायाला." आणि तिथंच झाडाखाली पातेलं चढलं. बाई बसली. तिच्या दोन जावा आल्या. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आला. कन्नड बोलणारा एक मेंढपाळ लांबूनच जात होता, त्याला "बर्री, ऊटा माडरी", म्हणजे तेच 'या जेवायला', म्हणून मनगट धरून आणला. त्या छोट्या गॅसवर ते पातेलं तापायलाच इतका वेळ लागला की उप्पीट होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. खाऊन आम्ही झाडाखाली आडवे झालो आणि संध्याकाळी बेळगावला परत आलो.

बेळगाव ते काकती याला सफर म्हणत नाहीत. दूधवाले दात घासायच्या आधी तेवढं जाऊन येतात. पण आमच्या पुढच्या सगळ्या सफरी काकतीलाच संपल्या. दर वेळी भांडं बदलायचं. कुकर झाला, डेग झाली, एकदा तर इडलीपात्रसुद्धा झालं. गाव मात्र तेच. रविवारी आम्ही दिसलो की ती साडीवाली बाई पाट्यावर चटणी वाटायलाच बसायची. रात्री आक्काचा फोन यायचा.

"कुठवर आलतास आज?"

"काकती."

"आजूनबी काकतीच? काकती काय रबराची हाय व्हय रं?"

मला हसू यायचं आणि रागही यायचा. एक दिवस मी चिडून म्हणालोसुद्धा, की अण्णा, तुम्हाला बोरगावला जायचंय का काकतीत खानावळ काढायचीय? त्यांनी पुढच्या रविवारचा रवा मोजायला घेतला.

मग थंडीच्या सुरुवातीला बोरगावहून आक्काच्या सुनेचा फोन आला. आक्का तापानं पडली होती. ताप उतरला, पण जेवणावरची वासना गेली होती. दोन घास खाते आणि ताट सारते, डॉक्टर म्हणतात पोटात काही जाऊ दे. "तुम्ही गाडीनं या, मामा," ती म्हणाली. मेव्हणीनं किल्ली आणून हातात दिलीसुद्धा. साडू चपला घालत होते, तेवढ्यात फोनवर आक्काचा आवाज आला, पातळ झालेला, पण हुकूम जुनाच.

"गाडीनं आलास तर दार उघडणार न्हाय. सांगून ठेवते."

साडू तसेच उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळानं उठले, मला घेऊन टिळकवाडीच्या त्या दुकानात गेले आणि म्हणाले, "ते पयलं भांडं द्या. एक ते दोनाचं." दुकानदारानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता ते बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. काकतीत ती बाई रस्त्यावर येऊन उभी होती. साडूंनी सायकल थांबवली, पण खाली उतरले नाहीत. "आज भांडं ल्हान हाय," ते चोरी केल्यासारखे म्हणाले, "आक्का आजारी हाय, जाऊन येतो." बाई आत पळाली आणि फडक्यात भाकऱ्या आणि चटणी बांधून घेऊन आली. "लोकास्नी लई घातलासा. आज हे खावा आणि पायडल हाणा," म्हणाली. इतक्या माणसांना जेवू घातलेला हा माणूस, पण त्याला कुणी शिदोरी बांधून दिली तर ती घ्यायची कशी हे माहीत नव्हतं. शेवटी मीच ती घेतली.

हत्तरगीच्या पुढं एका बांधावर बसून आम्ही त्या भाकऱ्या खाल्ल्या. समोर ते नवं भांडं माझ्या सायकलला लटकत होतं, हाताच्या पंजाएवढं. मी विचारलं, "अण्णा, आज हे चालतंय, मग एवढे दिवस का नको होतं?"

ते भाकरीचा पापुद्रा सोलायला लागले. मग म्हणाले, "आमच्या घरात असलीच एक डेचकी हुती. आई गेल्यावर आक्का त्यात भात करायची. बा रानात. मला वाढायची, आणि तू गं म्हटलं की म्हणायची, माझं झालंय. रोज माझं झालंय. मला खरं वाटायचं. एकदा शाळंला गेलतो, पाटी इसरली म्हणून माघारी आलो. तर आक्का डेचकीत पाणी घालून, हलवून, पीत बसल्याली." पापुद्रा त्यांच्या हातात तसाच राहिला. "तवापासनं ल्हान भांडं बघितलं की मला वाटतंय, कोणतरी उपाशी हाय."

मी साडूंची आयुष्यभर थट्टा केली आहे आणि पुढंही करणार आहे. पण त्या बांधावर मला वाटलं, की या माणसाच्या पाया पडावं. पडलो नाही, कारण ते मला लगेच दुसरी भाकरी वाढायला लागले.

निपाणीहून आत वळलो आणि दिवे लागायच्या सुमाराला बोरगावात पोचलो. पोटात कावळे ओरडत होते, मांड्या लाकडाच्या झाल्या होत्या. आक्का अंगणात खाटेवर उशाला टेकून बसली होती, दार उघडायचा प्रश्नच नको म्हणून. तिनं आधी सायकलकडं बघितलं, मग भावाकडं.

"मुक्कामाला आलास न्हवं?"

"व्हय. आता हाकलून दिलंस तरी जातोय कुठं? पाय उचलत न्हाईत."

आक्का समाधानानं मागं टेकली. साडूंनी हातपाय धुतले आणि कुणाचं न ऐकता अंगणातच आपला गॅस पेटवला. सून चहा घेऊन आली, तो त्यांनी बाजूला ठेवला. तांदूळ, थोडी मुगाची डाळ, मीठ, वरून तूप. पाऊण लिटरच्या भांड्यात भात रटरटायला लागला तशी आक्का मान वर करून बघायला लागली.

"एवढंसं? भातुकली आणलास व्हय रं?"

"तुला पुरंल तेवढं हाय."

भात अगदी मऊ झाल्यावर त्यांनी तो खाटेपाशी नेला आणि चमच्यानं तिला भरवायला लागले. दोन घासांवर ती थांबेल म्हणून सून दारात उभी होती. आक्कानं तिसरा घास घेतला, चौथा घेतला. मग मध्येच तिनं विचारलं, "आणि तू?"

साडूंनी भांड्यात बघितलं. भात थोडाच उरला होता. दुपारपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"माझं झालंय, आक्का," ते म्हणाले.

आक्का एकटक त्यांच्याकडं बघत राहिली. तिनं तोंड मिटून घेतलं. मग तिचा हात पुढं आला, तिनं चमचा काढून घेतला, भात घेतला आणि भावाच्या तोंडाशी धरला.

"ही लबाडी माझी हाय रं. मलाच शिकवतोस व्हय? आ कर."

साठी ओलांडलेल्या माझ्या साडूंनी लहान मुलासारखा आ केला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, आणि मीही माझं पुसलं नाही. मग एक घास तिला, एक घास त्यांना, असं दोघांचं त्या भांड्यात सुरू झालं. तेवढ्यात आक्काचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"पाव्हणं, तितं का हुबं? या जेवायला."

भांड्याच्या तळाशी घासभर भात उरला होता. मी "चालू द्या, चालू द्या" म्हणत मागं सरकलो, आणि साडूंनी उठून माझं मनगट धरलं.