सात म्हणजे सात

लालबागच्या मसाला गल्लीत एक रिवाज आहे. ज्याचा मसाला, त्याने तो कुटून होईपर्यंत डंकाच्या यंत्रापाशी ठाण मांडून बसायचं. लोखंडी मुसळं धाडधाड आपटत असतात, नाकातोंडात मिरची जाते, पण माणूस जागचं हलत नाही. चहाला म्हणून उठलं आणि आपली बेडगी दुसऱ्याच्या पिशवीत गेली तर? वर्षभराच्या कालवणाचा प्रश्न असतो. डंकवाल्या रघूने त्यासाठी समोर एक लाकडी स्टूल ठेवलं आहे. त्याच्याकडे मिरच्या भाजणाऱ्या नलूने एकोणीस वर्षांत त्या स्टुलावर नाना तऱ्हेची माणसं पाहिली. तिला स्वतःला मात्र एप्रिल-मेमध्ये बूड टेकायला मिळत नाही.

मिरचीचे हात लागू नयेत म्हणून ती फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचते. तो दिवसातून वीस-पंचवीस वेळा वाजतो. काळाचौकीच्या खोलीतून मुलगी विचारते, कुठे आहेस? कढईपुढे, आणखी कुठे असणार! रागावलीस? नाही गं. मग आवाज असा का? आता सहा किलो मिरचीच्या धुरात उभ्या बाईचा आवाज कसा असावा, हे त्या पोरीला कोण सांगणार.

दर्शना एकोणतीस वर्षांची. तिला माणूस आवडलं की ते देव होतं, आणि त्याने एक फोन उचलला नाही की राक्षस. मधलं काही तिच्याकडे नाही. मनू नावाची मैत्रीण आठ दिवसांत सख्ख्या बहिणीहून जवळची झाली आणि तिला न सांगता एका लग्नाला गेली म्हणून महिन्याभरात कायमची तुटली. त्या वेळी दर्शनाने हातावर ब्लेड चालवलं. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. नलूला ते अजून धड उच्चारता येत नाही. पण बाईंनी सांगितलेल्या दोन गोष्टी तिने लक्षात ठेवल्या. घरी यायची वेळ सांगा आणि ती पाळा. नलू सात सांगते, आणि सात म्हणजे सात. दुसरी गोष्ट, तिच्याशी खोटं बोलू नका, तिला ते कळतं. ही मात्र नलूला जमली नाही. ‘दमलीस?’ असं पोरीने विचारलं की ती ‘छे गं’ म्हणते. दमले म्हटलं तर ही त्याचा अर्थ ‘आई सोडून जाणार’ असाच घेईल, ही धास्ती.

पोरगी वाईट नाही हो. रोज संध्याकाळी आईच्या आग होणाऱ्या बोटांना खोबरेल चोळत बसते, एकेक बोट हातात घेऊन. किती जणींची लेकरं एवढं करतात?

चार महिन्यांपूर्वी दर्शनाच्या आयुष्यात निलेश आला. लोअर परळच्या ऑफिसांतले एसी दुरुस्त करणारा, शांत, कमी बोलणारा. नलूला तो आवडला, आणि खरं सांगायचं तर त्याचे रुंद खांदे जास्त आवडले. थोडा भार आता ह्याने घ्यावा, एवढंच तिच्या मनात होतं. त्याने दर्शनाबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, “थोडी तापट आहे, बाकी काही नाही.” लग्नाच्या पोरीबद्दल आपल्याकडे असंच बोलतात.

शनिवारी निलेश आईचा वर्षाचा मसाला करून घ्यायला आला. नलूने मिरच्या भाजून दिल्या आणि तो रिवाजाप्रमाणे, फोन शर्टाच्या खिशात टाकून, स्टुलावर बसला. मुसळांच्या आवाजात फोन वाजला काय आणि न वाजला काय. नलूचाही वाजत होता, पण तिचे हात कढईत होते.

तासाभराने दर्शना आली. काळाचौकीहून चालत, घामाघूम, थेट निलेशपुढे.

“सतरा फोन केले. सतरा! तुला पण नकोय ना मी? बोल ना!”

निलेश उठून काही सांगणार, तोच तिने त्याच्या खिशातला फोन हिसकावला आणि डंकात भिरकावला. मुसळ खाली आलंच. रघूने धावत जाऊन स्विच बंद केला, पण लाल मसाल्यात काचेचा चुरा चमकत होता. नऊ किलो मसाला, वर्षाचा, मातीत गेला.

पुढच्याच क्षणी दर्शनाने निलेशची बाही घट्ट धरली. “जाऊ नको. सॉरी. प्लीज जाऊ नको.”

निलेशने नलूकडे पाहिलं. “काकी, तुम्ही म्हणाला होतात थोडी तापट आहे.”

नलू तशीच कढईपुढे उभी राहिली. बारा सबबी जिभेवर होत्या, पण आज एकही उचलायचं त्राण नव्हतं. तिने त्याला दुखण्याचं नाव सांगितलं, अडखळत. मनू, ब्लेड, इस्पितळ, सगळं सांगितलं.

“मी लपवलं रे तुझ्यापासून. मला वाटलं, तू आलास की मी जरा बसेन. मी दमलेय बाबा. लय दमलेय.”

दर्शनाने बाही सोडली. नलूने तोंड फिरवलं नाही.

निलेशने रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली. “मी जातो आता. परत येईन की नाही, आज नाही सांगता येणार. खोटं नाही बोलत, दर्शना.” तो गल्लीच्या तोंडाशी दिसेनासा झाला. नलूचे बसायचे दिवस बहुधा त्याच्याबरोबर गेले.

आता पोरगी आकाशपाताळ एक करणार म्हणून रघू पुढे सरसावला. तिने काहीच केलं नाही. ती आईकडे वळली.

“किती दिवस दमलीयस?”

“बरीच वर्षं.”

“मला माहीत होतं. तू नाही म्हणायचीस ना, तेव्हाच जास्त भीती वाटायची.”

नलूने पुढच्या मिरच्या कढईत टाकल्या. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. “घरी जा गो. मी सातला येते.”

दर्शना गेली नाही. तिने रघूबरोबर डंक साफ केला, भिंतीपाशी सरकवलेलं स्टूल ओढून कढईसमोर ठेवलं आणि आईकडे तोंड करून बसली. एक म्हातारी आपल्या धण्याची पिशवी घेऊन स्टूल मागायला आली. रघूने तिला आपली खुर्ची दिली.

सातला नलूने कढई उतरवली. दोघी भारतमाता सिनेमाच्या दिशेने चालू लागल्या. सिग्नलपाशी दर्शनाने तिचा आग होणारा हात हातात घेतला.

“उद्या पण दमशील?”

“उद्या पण.”

“आणि येशील?”

“सातला.”